फोटोग्राफीची आवड वाढते म्हणजे नेमकं काय वाढतं?

तिरीप

कुठला कॅमेरा घेऊ, हा प्रश्न इथे नको. त्यावर उदंड लिहून झालंय आणि उत्तर दर सहा महिन्यांनी बदलतं.

मला वेगळंच विचारायचंय. आवड "जोपासली", "वाढली" असं आपण सहज म्हणून जातो. पण जुन्या हार्ड डिस्क चाळताना मला माझी आवड सरळ रेषेत वाढलेली दिसत नाही. सुरुवातीला फुलं, सूर्यास्त, पाण्यातली प्रतिबिंबं. मग एक काळ असा की प्रत्येक फोटोत मागचं सगळं धूसर, कारण मोठ्या ॲपर्चरची, म्हणजे उजेड आत सोडणारं छिद्र मोठं असलेली, लेन्स नवी होती. माणसाचा एक डोळा फोकसमध्ये, दुसरा नाही, आणि आपण खूश. त्यानंतर एचडीआरची, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे फोटो एकत्र करून एक बनवण्याची, साथ आली. मग मोठी पोकळी, कॅमेरा कपाटात. आणि मग पुन्हा काहीतरी सुरू झालं, पण ते आधीच्याचंच पुढचं पाऊल आहे असं काही वाटत नाही.

माझं मत सांगतो, खोडून काढा. कसब पहिल्या काही वर्षांतच येतं. एक्स्पोजर, फोकस, चौकटीत काय घ्यायचं हे हाताला कळलं की पुढे त्यात थोडीथोडीच भर पडते. त्यानंतर वाढते ती निवड. पूर्वी एकाच दृश्याचे पंधरा-वीस फोटो ठेवायचो, एकही टाकवायचा नाही. आता एक ठेवतो आणि तोच का ठेवला हे सांगता येतं. शिवाय पूर्वी मी फोटो दाखवायला काढायचो, आता बघायला काढतो.

तुमचं काय? आवड कुठे वळली, कुठे अडली, परत आली का?

गोगलगाय

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर नंतर.

काळापांढरा

छान विषय. माझी सुरुवात रोलच्या काळातली, त्यामुळे माझं उत्तर त्याच बाजूने येणार.

रोल ३६ फोटोंचा. जपून भरला तर एखाद-दुसरा जास्तीचा निघायचा आणि त्या फुकटच्या फोटोचा आनंद काही औरच. पण मला घडवलं ते रोलने नाही, कॉन्टॅक्ट शीटने. सगळ्या निगेटिव्हच्या पट्ट्या एका कागदावर मांडून त्याच आकाराचे ठसे घ्यायचे. २४ बाय ३६ मिलिमीटरच्या त्या इवल्या चौकटी भिंगाखाली बघत गेलं की आपल्या सवयी उघड्या पडतात. प्रत्येक फोटो उभ्याउभ्या, डोळ्यांच्या उंचीवरून, तेवढ्याच अंतरावरून. एखाद्या विषयाभोवती माणूस फिरलाच नसेल तर शीटवर ते लगेच दिसतं. सुटा एक प्रिंट हे कधीच सांगत नाही.

डार्करूमबद्दल लोक लाल दिव्याच्या गोष्टी सांगतात. तो दिवा कागदासाठी. फिल्म टाकीत भरायची ती मिट्ट काळोखात, लाल उजेडही चालत नाही. रिळाच्या खाचेत फिल्मची कड बोटांनी चाचपत सरकवायची. नीट बसली की बारीक खरखर ऐकू येते, ती थांबली की समजायचं कुठेतरी अडकली. पुढे कागद. उजेड दाखवलेला कोरा कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडला की पहिले काही सेकंद काहीच घडत नाही. मग गडद भाग आधी वर येतात. चेहरा असेल तर केस, भुवया, बुबुळं. गाल आणि कपाळ सगळ्यात शेवटी. हे पाहिलेल्या माणसाला उजेड म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

तर माझं म्हणणं, मर्यादा असली की आवड मुरते. कार्डावर हजार फोटो मावतात म्हटल्यावर कोण कशाला थांबतोय?

शून्यएक

काळापांढरा, डार्करूमचं वर्णन झकास, पण निष्कर्ष अजिबात पटला नाही.

मर्यादा असली की माणूस विचार करून फोटो काढतो, हे रोलवाल्यांचं लाडकं मिथक आहे. रस्त्यावरचे फोटो काढणारे अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड १९८४ मध्ये गेले तेव्हा त्यांच्यामागे अडीच हजारांच्या आसपास रोल नुसते काढून ठेवलेले निघाले, डेव्हलपसुद्धा न केलेले. म्हणजे रोल होते म्हणून त्यांचं बोट काही थांबलं नाही. आणि ज्यांना थांबायचं असतं ते कार्ड घालूनही थांबतात.

मी शिकले ती पूर्णपणे डिजिटलवर. फोटो काढला, बघितला, पार्श्वभूमी करपली, शटर स्पीड वाढवला, पुन्हा काढला. दहा मिनिटांत जे कळलं ते कळायला रोलच्या काळात कित्येक दिवस गेले असते, कारण तोवर कुठल्या फोटोला काय सेटिंग होतं ते वहीत लिहून ठेवलेलं असलं तरच उपयोग. फाइलमध्ये ती वही आपोआप भरली जाते. माझी आवड टिकली ती या झटपट उत्तरामुळे. महिनाभर वाट बघायला लागली असती तर मी केव्हाच चित्रकलेकडे वळले असते.

बोकोबा

माझा क्रम : आधी लेन्स आली, मग आवड आली, मग घरात प्रश्न आले, मग दुसरी लेन्स आली ती "जुनीच आहे, तुला आठवत नाही का?" या नावाखाली.

रानवारा

बोकोबा, ही आयडिया एकदाच चालते. दुसऱ्यांदा लेन्सच्या तोंडावरच्या हुडचा आकार ओळखतात.

काळापांढरा

@शून्यएक, विनोग्रँडचं उदाहरण चोख आहे, पण त्याला दुसरी बाजू आहे. ते काढलेले रोल मुद्दाम बराच काळ पडू द्यायचे. फोटो काढतानाचा मूड विसरला गेला की फोटो फोटो म्हणून बघता येतो, एरवी आपण त्या दिवसाच्या आठवणीलाच मार्क देतो, असं त्यांचं म्हणणं. शेवटच्या काळात ढीग हाताबाहेर गेला ही गोष्ट वेगळी. पण तिरीप म्हणतात त्या निवडीचा हा फार मोठा भाग आहे. झटपट उत्तर शिकायला उत्तम, निवडायला वाईट.

शून्यएक

हे मात्र मान्य. आल्याआल्या कॉम्प्युटरवर टाकून निवडलेले फोटो आणि वर्षभराने त्याच फोल्डरमधून निवडलेले फोटो यांत फार थोडे तेच असतात. पण त्यासाठी रोल कशाला हवा? फोल्डर उघडू नये, एवढंच करायचंय.

सुलभा_म

मी या छंदात उशिरा आले, नोकरी संपल्यावर. "आता या वयात?" हे ऐकून घेतलंय, त्यामुळे ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनचं नाव जिभेवर तयार असतं. १८६३ च्या डिसेंबरमध्ये मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या. काचेच्या प्लेटा, चिकट रसायनं, सगळं स्वतः शिकल्या. फोकस हललाय म्हणून त्या काळच्या जाणकारांनी नाकं मुरडली. आज त्यांची व्यक्तिचित्रं संग्रहालयांत आहेत.

माझा विषय मॅक्रो, म्हणजे बारीकसारीक गोष्टींचे अगदी जवळून फोटो. गुडघे फार चालू देत नाहीत, म्हणून दहा पावलांच्या आत जे सापडेल ते. एरवी कुंडीतली रोपं ही मी पाणी घालण्याची वस्तू समजत होते. आता एका पानाच्या मागच्या बाजूला सकाळ जाते.

उड्या मारणारा छोटा कोळी असतो, नखाएवढा. तो इतर कोळ्यांसारखा पळून जात नाही. लेन्स जवळ नेली की अख्खा वळतो आणि समोरून बघतो. समोरचे दोन डोळे मोठे, काचेच्या गोटीसारखे. थोडा वेळ निरखलं तर एखाद्या डोळ्याचा रंग मधूनच बदलल्यासारखा दिसतो, गडद, मग फिका, मग परत गडद. त्याची बुबुळं आपल्यासारखी फिरत नाहीत, भिंग जागच्या जागी असतं आणि आतला पडदा हलतो. हे वाचून कळलं असतं तर विसरून गेले असते. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसलं म्हणून आधी वाटलं लेन्समध्येच बिघाड आहे, आणि मग शोधत बसले.

मूळ आकाराएवढा फोटो घेताना एफ ८ ला, म्हणजे ॲपर्चर बरंच लहान करूनसुद्धा, फोकसची खोली जेमतेम मिलिमीटरभर. श्वास घेतला तरी डोळे जाऊन पाय फोकसमध्ये येतात. म्हणून फोकसची रिंग फिरवायची नाही, स्वतःच किंचित पुढे-मागे डुलायचं आणि डोळे लख्ख झाले की बटण दाबायचं.

तेव्हा माझ्यापुरतं उत्तर : माझी फोटोग्राफीची आवड वाढली की कोळ्यांची, हे मला खरंच सांगता येत नाही.

गोगलगाय

सुलभाताई, _/\_. मॅक्रो लेन्स नसेल तर काय करता येईल? नेहमीची ५० मिमी आहे.

सुलभा_म

एक्स्टेन्शन ट्यूब घ्या. आत काच नसते, नुसती पोकळ नळी, लेन्स सेन्सरपासून लांब जाते आणि जवळचं मोठं दिसतं. फक्त कॅमेऱ्याशी बोलणारे संपर्कबिंदू असलेली घ्या, नाहीतर ॲपर्चर बदलता येत नाही. ट्यूब लावली की उजेड कमी होतो, तेव्हा फ्लॅशवर पातळ पांढरा कागद लावून वापरा.

रानवारा

सुलभाताईंचा शेवटचा मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा. मी पक्ष्यांचे फोटो काढायचो. "लेन्सने काही फरक पडत नाही" म्हणणाऱ्यांना नम्र विनंती, ५० मिमी घेऊन खंड्याचा फोटो काढून दाखवा. इथे ४०० मिमीच्या खाली फार काही हाताला लागत नाही आणि पाठ मोडते ती वेगळीच.

पण एका टप्प्यावर मला माझीच गंमत वाटायला लागली. झाडावर पक्षी आहे, उजेड वाईट आहे, मध्ये फांदी आहे, आणि मी वैतागलोय. पक्षी दिसलाय तरी वैतागलोय! शिवाय त्या नादात आजूबाजूला काय चालायचं तेही बघत होतो. मोबाइलवर पक्ष्याची हाक वाजवून त्याला जवळ बोलवायचं, घरट्यापुढची पानं बाजूला करायची. हाक ऐकून आलेला नर तिथे प्रतिस्पर्धी शोधत असतो, खाणंपिणं सोडून. पानं काढलेलं घरटं उन्हाला आणि शिकाऱ्याला उघडं पडतं. चांगला फोटो म्हणून वाहवा मिळालेल्या कितीतरी चित्रांमागे हे असतं.

मग मी दुर्बीण घेतली आणि कॅमेरा घरी ठेवायला लागलो. आता कॅमेरा कधीतरी नेतो. म्हणजे माझी आवड फोटोग्राफीतून बाहेर पडली आणि पक्ष्यांत शिरली. तिरीप, तुमच्या प्रश्नात ही शक्यता धरली नव्हती.

तिरीप

नव्हती धरली. आणि दुर्बिणीतून बघताना कॅमेऱ्याने लावलेल्या सवयी कामाला येतात का, हे विचारायला हवं.

रानवारा

येतात की. उजेड कुठल्या बाजूने आहे ते आधी बघतो, पाय आपोआप सूर्य पाठीशी घ्यायला लागतात. आणि हलत नाही. पक्षीनिरीक्षकांपेक्षा फोटोवाले जास्त वेळ एका जागी बसू शकतात, हे माझं ठाम मत आहे. दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

मध्यंतर

मी उलट्या बाजूने सांगते. आवड होती म्हणून व्यवसाय केला, समारंभांचे फोटो. व्यवसाय बरा चालला, आवड वारली.

कारण कंटाळा नव्हे. समारंभात एकही क्षण चुकवून चालत नाही, त्यामुळे जे खात्रीने जमतं तेच करायचं असतं. दोन कॅमेरे, दोन कार्डांवर एकाच वेळी साठवण, प्रत्येक चेहरा एकदा तरी. प्रयोग करायचा तर दुसऱ्याच्या पैशावर करायचा, ते मनाला पटेना. हळूहळू हात इतका सरावला की काय काढतेय ते बघायची गरजच उरली नाही. सुट्टीच्या दिवशी कॅमेऱ्याकडे बघितलं की काम आठवायचं.

सोडणं म्हणजे हरणं असं इथे बऱ्याच जणांना वाटतं, म्हणून दोन नावं देते. होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, त्यांनी १९७० च्या सुमारास कॅमेरा खाली ठेवला आणि पुढची चार दशकं त्याला व्यवसाय म्हणून हात लावला नाही. त्या २०१२ मध्ये गेल्या. आणि फ्रेंच छायाचित्रकार कार्टिए-ब्रेसाँ, ज्यांचं नाव घेतल्याशिवाय या विषयावरची चर्चा संपत नाही, ते सत्तरच्या दशकात फोटो बाजूला ठेवून चित्रं रेखाटायला बसले. दोघांची आवड कमी पडली असं कोण म्हणेल?

मी सध्या फोनवर काढते. कोणालाही देत नाही.

चौकोनी

कार्टिए-ब्रेसाँचं नाव निघालंच आहे तर : बहुतेक सगळं आयुष्य ५० मिमीवर काढलं त्यांनी. बोकोबा, ऐकताय ना?

बोकोबा

ऐकतोय. पण त्यांना आठवड्याला सवलतीचे मेसेज येत नव्हते.

हरवलेली_टोपी

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

अमूर्त

एक विरोधी सूर. फोटोंमुळे बघायचं राहून जातं असं कोणालाच वाटत नाही का? जिथे जावं तिथे हात वर आणि त्यात फोन.

लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंचा २०१४ चा अभ्यास आहे. लोकांना संग्रहालयात फिरवलं, काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या आणि काहींचे फोटो काढायला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू आणि त्यांचे तपशील लोकांना कमी आठवत होते. कॅमेऱ्यावर भिस्त ठेवली की डोकं जबाबदारी झटकून मोकळं होतं.

तिरीप

अमूर्त, तो अभ्यास अर्धाच सांगितलात! त्यातल्याच दुसऱ्या प्रयोगात लोकांना वस्तूच्या एका भागावर झूम करून फोटो काढायला लावला. तेव्हा आठवण घसरली नाही. गंमत म्हणजे चौकटीबाहेर राहिलेला भागही त्यांना नीट आठवत होता. कारण कुठला भाग घ्यायचा हे ठरवायला आधी अख्खी वस्तू बघावी लागते.

म्हणजे नुसतं टिपून पुढे जाणाऱ्याचं बघणं राहतं. काय घ्यायचं हे ठरवणाऱ्याचं राहत नाही. परत निवडीवरच आलो बघा.

अमूर्त

ठीक. पण हात वर करणाऱ्यांपैकी झूम करणारे किती, तेही सांगा.

शेवाळ

अवांतर, पण जे कपाटात कॅमेरे ठेवून पोकळी-बिकळी म्हणताहेत त्यांच्यासाठी. लेन्स बाहेर काढून, टॉर्च मागून लावून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की ती धरते, आणि बरेच दिवस राहिली तर तिच्यातल्या आम्लाने काच कायमची खरवडली जाते, मग साफ करूनही डाग जात नाही. कातडी पिशवीत ठेवू नका, कातडं ओल धरतं. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, ४० ते ५० च्या दरम्यान ठेवायचं. फार कोरडंही नको. आणि अधूनमधून कॅमेरा बाहेर काढा हो, वापर हे सगळ्यात स्वस्त औषध आहे.

बोकोबा

आत्ताच टॉर्च लावून बघितली. एक लेन्स शाबूत, एकीत पाहुणे आहेत. आता नवीन घ्यावीच लागणार. शेवाळ, तुमचे आभार कसे मानू?

निळी_शाई

माझी मूळ आवड फोटो काढायची नाही, जपायची. घरातले आणि नातेवाइकांकडचे जुने फोटो स्कॅन करते. त्यावरून जे लक्षात आलं ते या चर्चेत बसतं असं वाटतं.

काढणाऱ्याला जे महत्त्वाचं वाटलं होतं ते मला क्वचितच महत्त्वाचं वाटतं. मधोमध ओळीने उभी असलेली माणसं, ताठ, हसू दाबलेलं. मी बघते मागचं. भिंतीवरचा रेडिओ, दोरीवरचे कपडे, अर्ध्या कापलेल्या दारात कोणीतरी बघत उभं आहे. जे चुकून चौकटीत आलं ते तीस वर्षांनी सोनं. म्हणून आता स्वतः फोटो काढते तेव्हा पार्श्वभूमी धूसर करत नाही. एफ ८, थोडं मागे सरून, खोली दिसेल असा. तिरीप यांच्या त्या लेन्सच्या काळातले फोटो अजून काही वर्षांनी बघणाऱ्याला फक्त सुंदर डाग दिसणार आहेत.

आणि कृपा करून नावं लिहा. "उजवीकडून दुसरी कोण?" हे सांगणारं शेवटचं माणूस गेलं की तो फोटो मुका. जुन्या कागदी प्रिंटच्या पाठीवर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. बॉलपेन नको, दाबाचे वळ पुढे उमटतात. नंतरच्या काळातल्या प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे पाकिटावर लिहा.

काळापांढरा

निळी_शाई, प्रतिसाद फ्रेम करून लावावा असा.

चौकोनी

बापरे, इथे सगळेच काका-काकू दिसताहेत. मी फोनवर सुरुवात केलेल्या पिढीतला. मला पहिल्यांदा "कॅमेरा" म्हणून जे मिळालं ते फोनच. त्यामुळे कपाट, बुरशी, पोकळी काही नाही. तो खिशातच असतो, आवड थांबायला जागाच मिळत नाही.

फोनला नावं ठेवणाऱ्यांसाठी : १९७५ मध्ये कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनवला तो साडेतीन किलोच्या आसपास वजनाचा होता, फोटो ०.०१ मेगापिक्सेलचा, तो कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागायचे. सुरुवातीला सगळ्यालाच हसतात.

पण एक कबूल करतो. फोन स्वतःच फार ठरवतो. रात्रीचा फोटो म्हणजे बरेच फोटो एकावर एक रचून त्याने बनवलेलं काहीतरी. अंधार मुळी अंधार राहतच नाही, सगळं उजळ, सगळं गुळगुळीत. पोर्ट्रेट मोडमध्ये चष्म्याची काडी आणि विस्कटलेले केस मागच्या धुराळ्यात गडप. म्हणून मी आता काय केलंय सांगू? जुना, हाताने फोकस करायचा रोलचा कॅमेरा मिळवलाय. उजेड मोजणारं मीटर बंद आहे. लख्ख उन्हात एफ १६ आणि फिल्मचा जो आयएसओ (उजेडाला ती किती संवेदनशील ते सांगणारा आकडा) तोच शटर स्पीड, म्हणजे १०० ची फिल्म तर १/१२५, या नियमावर काढतो. काळापांढरा काका, रिळावर फिल्म भरायला शिकवा.

काळापांढरा

आधी वाया गेलेली फिल्म घे, उजेडात सराव कर, मग डोळे मिटून, मग अंधारात. रीळ पूर्ण कोरडं हवं, थेंबभर पाणी असलं तरी फिल्म चिकटते. आणि काका म्हणालास तर म्हणालास, पण शून्यएक यांच्यासमोर म्हणायला नको होतंस.

शून्यएक

मी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

गोगलगाय

रुमालाच्या जागी बसायला आलो. तिरीप, "दाखवायला काढायचो, आता बघायला काढतो" हे वाक्य ऐकायला छान आहे, पण मला ते जरा उच्चभ्रू वाटलं. दाखवणं हे खालच्या पायरीचं का? व्हिव्हियन मायर यांचं उदाहरण लोक कौतुकाने देतात. मुलं सांभाळायचं काम करत आयुष्यभर फोटो काढले, लाखाच्यावर निगेटिव्ह, दाखवले जवळजवळ कोणालाच नाहीत. २००७ मध्ये भाडं थकलं म्हणून त्यांच्या गोदामातलं सामान लिलावात गेलं तेव्हा ते जगाला दिसले. यात मला कौतुकापेक्षा हळहळ जास्त वाटते. जिवंतपणी कोणी म्हणायला हवं होतं, बाई, हा फोटो फार चांगला आहे.

सुलभा_म

गोगलगाय, शंभर टक्के. माझे कोळी मी नातीला दाखवते. ती ज्या फोटोवर थांबते तो बहुतेक वेळा मी बाजूला सारलेला असतो. माझी निवड सुधारली असेल तर तिच्यामुळे, एकांतात बसून नाही.

मध्यंतर

मला मात्र न दाखवण्यातच परत मजा यायला लागली आहे. दाखवायचं म्हटलं की गिऱ्हाईक समोर उभं राहतं. ज्याची वाट जशी आली तसं असेल ते.

तिरीप

गोगलगाय, मुद्दा पोचला. "दाखवायला" म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर लाइक मोजणं होतं. नातीला दाखवणं त्यात धरता येणार नाही. मात्र निवड वाढते हे म्हणणं मी सोडत नाही, उलट इथल्या प्रतिसादांनी ते पक्कंच झालं. फक्त ती एकदाच होऊन संपत नाही, हे मी लिहिलं नव्हतं.

अमेरिकन निसर्गछायाचित्रकार अँसेल ॲडम्स मूळचे पियानोवादक. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे मैफल असं ते मानायचे. हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचं त्यांचं प्रसिद्ध निगेटिव्ह १९४१ चं. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश करडं आहे, ढगांचे पट्टे दिसतात. पुढच्या काही दशकांत ते आकाश गडद गडद करत गेले, शेवटी जवळजवळ काळं. निगेटिव्ह तेच, माणूस बदललेला. ते वाचल्यापासून मी जुन्या रॉ फाइल (कॅमेऱ्याने संस्कार न करता साठवलेले फोटो) अधूनमधून नव्याने धुवायला घेतो, आणि निळी_शाई म्हणतात तसं कोपऱ्यातलं काहीतरी पहिल्यांदाच दिसतं.

शून्यएक

म्हणजे एडिटिंग ही फसवणूक नाही हे काळापांढरा यांच्या धाग्यात... आय मीन तिरीप यांच्या धाग्यात सिद्ध झालं. नोंद घ्यावी.

काळापांढरा

डार्करूममध्ये बाकीच्या भागावर हाताने सावली धरून आकाशाला जास्त उजेड देणारे आम्हीच. फसवणूक कोण म्हणालं?

अमूर्त

पण घराबाहेर पडणंच बंद झालं तर? माझ्याकडे आजारपण आहे घरात, लांब जाता येत नाही. त्यामुळे हे सगळं वाचताना जरा लांबचं वाटतं.

सुलभा_म

अमूर्त, प्रागचे छायाचित्रकार योसेफ सुडेक बघा. पहिल्या महायुद्धात उजवा हात गेला, तरी अवजड कॅमेरे घेऊन प्राग शहर काढलं. मग दुसऱ्या महायुद्धात शहरावर जर्मन अंमल आला, बाहेर कॅमेरा घेऊन हिंडणं अवघड झालं, तेव्हा स्वतःच्या स्टुडिओच्या खिडकीचेच फोटो काढत राहिले, युद्ध संपल्यावरही कित्येक वर्षं. काचेवरचं दव, ओघळ, बाहेरचं वाकडं झाड, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला पेला. तुमच्याकडे खिडकी आहे ना? काचेवर वाफ धरते तेव्हा फोकस काचेवर ठेवून एक काढा, बाहेरच्या झाडावर ठेवून एक. दोन अगदी वेगळे फोटो मिळतात. इथे टाका, घाई नाही.

अमूर्त

बघतो. कॅमेरा आहे तसा, सोबत आलेली १८-५५ लेन्स. कुठल्या फोकल लेंग्थवर, म्हणजे किती मिमीवर काढू?

काळापांढरा

एकच ठरवा आणि महिनाभर हलवू नका. ३५ वर फिरवून झूमच्या रिंगवर कागदी चिकटपट्टी लावून टाका. काळी इलेक्ट्रिकची टेप नको, तिचा गोंद उन्हाने सुटून रिंग चिकट होते.

बोकोबा

३५ च का? माझ्याकडे ५० आहे, तीपण चालेल ना? म्हणजे घरात सांगायला बरं, एक तरी वापरतोय.

तिरीप

अमूर्त यांची १८-५५ म्हणजे बहुधा क्रॉप सेन्सर (३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) असणार, तिथे ३५ साधारण ५० सारखी दिसते. तुमचा फुल फ्रेम (त्या चौकटीएवढा) असेल तर ५० च लावा. नसेल तर ५० खोलीत जरा लांबची पडेल, भिंतीला पाठ टेकवून काढावं लागेल.